आबांना वाचून दाखव

कोल्हापूर,
२१ जुलै

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

मुक्ताच्या लग्नावरून घरात काय चाललंय ते तुझ्या पत्रातून कळलं. मला मुक्ताची फारशी काळजी नाही, ती खंबीर पोरगी आहे. काळजी आबांची वाटते. या वयात नातीशी अबोला धरून बसायचं म्हणजे त्यांनाच जड जात असणार. निखिलच्या स्वभावाबद्दल, नोकरीबद्दल त्यांची काही तक्रार नाही, आडनाव ऐकूनच सगळं अडलंय, असं तू लिहिलंयस. आणि शेवटी विचारलंयस, "आबा म्हणतात, आपलं रक्त आजवर चोख आलंय, ते तिनं का बिघडवायचं? तू पोरांना जीवशास्त्र शिकवतोस, तर खरं काय ते सांग." फोनवर बोललो असतो, पण आबांपुढं बसून तुला ते पुन्हा सांगता आलं नसतं. म्हणून लिहितोय. त्यांना वाचून दाखव. स्वतः वाचतो म्हणाले तर सरळ त्यांच्या हातात दे.

गावात हेळवी यायचा ते आठवतं ना? सोप्यात बसून वही उघडायचा आणि खापरपणजोबांच्याही मागची नावं धडाधडा म्हणायचा. आबांचा त्या वहीवर विश्वास आहे आणि त्यात काही वावगं नाही. पण त्या वहीत पुरुषांची नावं, तीही दहा-बारा पिढ्यांची. त्यामागं जायचं तर आता दुसरी वही आहे, ती हाडांत लिहिलेली असते.

मेलेल्या माणसाच्या हाडात डीएनए हजारो वर्षं टिकू शकतो, पण अखंड राहत नाही. आपल्या पेशीत ३ अब्ज अक्षरांचा मजकूर असतो. जुन्या हाडात त्याचे शंभराहूनही कमी अक्षरांचे तुकडे उरतात. त्यात बहुतेक भाग मातीतल्या जिवाणूंचा. वर खणणाऱ्याचा हात लागला, कुणी शिंकलं, की त्याचा डीएनए मिसळला. मग खरा जुना कुठला ते ओळखायचं कसं? तर काळानं त्यावर खूण केलेली असते. तुकड्यांच्या टोकाशी सी हे अक्षर झिजून टी असं वाचलं जातं, आणि ही झीज ताज्या डीएनएत नसते. वर्गात हे सांगताना माझा आवाज अजूनही चढतो. जे नासलं, तेच अस्सलपणाचा पुरावा झालं! कानाच्या आत, कवटीच्या बुडाशी एक हाड असतं, शरीरातलं सगळ्यात घट्ट. गेल्या दहा-बारा वर्षांत कळलं की त्यात डीएनए सगळ्यात चांगला टिकतो. चिमूटभर पूड पुरते.

स्वीडनच्या स्वांते पाबो यांना या कामासाठी २०२२ चं नोबेल मिळालं. त्यांच्या गटानं २०१० मध्ये निअँडरथाल माणसाचा जीनोम, म्हणजे डीएनएचा सगळा मजकूर, वाचून दाखवला. निअँडरथाल म्हणजे आपल्याहून वेगळी, नामशेष झालेली मानवजात. आफ्रिकेबाहेरच्या आजच्या माणसांत त्यांचा साधारण १ ते २ टक्के वारसा आहे. तुझ्यात, माझ्यात आणि आबांच्यातही.

आता आपल्याकडचं. हरियाणात हिसार जिल्ह्यात राखीगढी आहे, हडप्पा संस्कृतीचं फार मोठं नगर. तिथलं दफनस्थळ पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखाली खणलं. एकूण ६१ नमुने तपासले, दाद दिली एकानंच. एक बाई, सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी मडक्यांसोबत पुरलेली. तिच्या हाडाच्या पुडीवर शंभराहून अधिक वेळा प्रक्रिया केली तेव्हा कुठं तुटपुंजा का होईना, पण वाचता येईल इतका मजकूर हाती आला. सप्टेंबर २०१९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. दत्ता, तिचं नाव माहीत नाही, भाषा माहीत नाही, पण हडप्पाच्या लोकांपैकी पहिल्यांदा बोलली ती हीच. मला तिच्याबद्दल फार आदर वाटतो.

काय सांगितलं तिनं? तिचा मोठा वारसा प्राचीन इराणी लोकांच्या दूरच्या भाऊबंदांचा होता. पण ही शाखा इराणात शेती सुरू होण्याच्याही आधी वेगळी झालेली. उरलेला वारसा इथल्या जुन्या शिकारी लोकांचा, ज्यांचं लांबचं नातं अंदमानच्या आदिवासींशी लागतं. म्हणजे साडेचार हजार वर्षांपूर्वीची ती बाईसुद्धा मिश्र होती. एकाच सांगाड्यावरून एवढं बोलायचं का, अशी शंका तुला येईल, आणि ती रास्त आहे. पण तुर्कमेनिस्तानातल्या गोनूरला आणि इराणातल्या शहर-ए-सोख्ताला अशीच ११ माणसं पुरलेली सापडली. तिथल्या लोकांहून वेगळी, आणि या बाईशी जुळणारी. त्या नगरांचा सिंधूकाठाशी व्यापार होता, त्यामुळं ती इकडून गेलेली किंवा तशांची मुलं असावीत.

तिच्यात एक गोष्ट मुळीच नव्हती. युरोप-आशियाच्या गवताळ मैदानांतल्या पशुपालकांचा वारसा. आज तो भारतात कमी-जास्त प्रमाणात दूरवर पसरलेला आहे. त्याच महिन्यात ५२३ प्राचीन माणसांच्या डीएनएवरचा मोठा अभ्यास आला. त्यावरून हे लोक इसवी सनपूर्व २००० ते १५०० च्या दरम्यान इकडं आले असं दिसतं. तेव्हा वर्तमानपत्रांत दोन्ही बाजूंनी आरडाओरडा झाला. कुणी म्हणालं, बाहेरून कुणी आलंच नाही; कुणी म्हणालं, आले त्यांनी सगळं बुडवलं. दोन्ही शोधनिबंध शांतपणे वाचले तर यातलं काहीच निघत नाही. लोक आले, आधीचे इथंच राहिले, आणि त्यांची मुलंबाळं एक झाली. एक गोष्ट मात्र मनाला लागते. आजच्या लोकांत हा पशुपालकांचा वारसा बापाकडून जास्त आलेला दिसतो, आईकडून कमी. त्यामागं किती राजीखुशी आणि किती जबरदस्ती, हे हाड सांगत नाही.

तू विचारशील, हे सगळं उत्तरेकडचं, आपल्या मातीतलं काय? इथं सध्या पाऊस मागं हटायला तयार नाही. पंचगंगा पात्राबाहेर आलीय, राजाराम बंधारा पाण्याखाली आहे. हाच पाऊस आणि ही ऊब डीएनएची वैरी. गगनबावडा-राधानगरीकडची जांभ्याची तांबडी माती आम्लधर्मी, तिच्यात हाडच विरघळून जातं, मग डीएनए कुठला राहतोय. थंड, कोरड्या सैबेरियात सापडतं ते इथं सापडणं फार अवघड. घोडनदीकाठच्या इनामगावला मात्र सांगाडे मिळालेत. शिरूर तालुक्यातलं हे गाव डेक्कन कॉलेजनं १९६८ पासून १९८३ पर्यंत खणलं. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचे ते शेतकरी तान्ही मुलं गेली की दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यांत ठेवायचे आणि घरातल्याच जमिनीखाली पुरायचे. मोठ्या माणसांचे घोट्याखालचे पाय तोडून पुरायचे. सुभाष वाळिंबे यांनी त्या हाडांवरून, दातांवरून त्यांचं आजारपण, खाणंपिणं मांडलंय. त्या मडक्यांतल्या मुलांपैकी एखाद्याच्या कानाच्या हाडानं राखीगढीच्या बाईसारखी दाद दिली, तर आपल्या महाराष्ट्राच्या शेतकऱ्याची कहाणी कळेल. माझ्या हयातीत ते व्हावं, ही मनापासूनची इच्छा आहे.

पण आबांच्या प्रश्नाला उत्तर द्यायला तोवर थांबायची गरज नाही. कारण जिवंत माणसांच्या डीएनएतही काळ मोजता येतो. दोन वेगळ्या समूहांतल्या माणसांना मूल झालं की त्याच्या डीएनएत दोन्हीकडचे लांबलचक सलग भाग येतात. पुढं दर पिढीला ते कापले जाऊन आखूड होतात. आज ते किती आखूड आहेत हे मोजलं की मिसळण केव्हा झाली ते काढता येतं. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेतले कुमारसामी थंगराज, लालजी सिंग आणि हार्वर्डचे डेव्हिड राइश यांच्या गटानं ७३ समूहांवर हे काम केलं, ते २०१३ मध्ये आलं. उत्तर असं: साधारण ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात या देशात मोठी मिसळण झाली. भिल्लांसारखे दूर राहिलेले समजले जाणारे लोकही तिच्यातून सुटले नाहीत. आणि मग ती थांबली. लग्नं आपापल्या गटात व्हायला लागली.

आबांना हे ठासून सांग. चोख रक्त आधी होतं आणि मग भेसळ झाली, असा क्रम नाहीच. आधी मिसळण झाली आणि भिंती मागाहून उभ्या राहिल्या. शहाण्णव कुळी असो नाहीतर आणखी कुणी, सगळे त्या मिसळणीचेच. प्रमाण सारखं नाही, हे खरं आहे, कुणात एक वारसा जास्त, कुणात दुसरा. पण एकाच वारशाचं असं कूळ त्या संशोधकांना मिळालं नाही.

आता यातली मला सगळ्यात विलक्षण वाटणारी गोष्ट तुझ्या दाराशीच आहे. १९०० वर्षांपूर्वी म्हणजे कुणाचं राज्य? सातवाहनांचं. तुमच्या नाशिकच्या पांडवलेण्यांत, तीन नंबरच्या लेण्यात, गौतमी बलश्रीचा लेख आहे. त्यात ती आपल्या मुलाची, गौतमीपुत्र सातकर्णीची स्तुती करते. शक, यवन, पल्हवांचा नाश करणारा; आणि त्याच दमात, चारी वर्णांचा संकर थांबवणारा. डीएनए ज्या सुमाराला मिसळण थांबली म्हणतो, साधारण त्याच काळातला हा दगडावरचा लेख. एका राजाच्या फर्मानानं देशभरची लग्नं बदलली, असं मी म्हणत नाही. पण संकर थांबवणं ही मोठेपणाची गोष्ट वाटायला लागली होती, एवढं त्यातून नक्की कळतं. आणि पुढचं ऐक. त्याच घराण्यातल्या वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी कोण, तर कान्हेरीच्या लेखाप्रमाणं शक महाक्षत्रपाची, म्हणजे शकांच्या राजाची मुलगी! ज्यांचा नाश केला म्हणून बलश्रीनं दगडावर कोरलं, त्यांच्याच घरची सून आली. आबांना तिथं घेऊन जा. पायऱ्या बऱ्याच आहेत, त्यांना झेपत नसेल तर फोटो काढून आण.

आपल्या कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या टेकडीवर याच काळातलं नगर होतं. १९४५-४६ मध्ये सांकलिया आणि दीक्षितांनी ते खणलं. त्या टेकडीवर मिळालेली ग्रीक समुद्रदेवाची, पोसायडनची रोमन काशाची मूर्ती टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये आपण शाळेत असताना पाहिली होती. वस्तू आल्या म्हणून माणसं मिसळली असं होत नाही, पण जगाचा वारा इथवर येत होता.

आणि हे सगळं डीएनएची रचना कळायच्या कितीतरी आधी एका माणसानं मांडलं होतं. मे १९१६ मध्ये, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी निबंध वाचला. वंशानं सगळेच मिश्र आहेत, आणि जातीचं खरं लक्षण एकच, जातीतल्या जातीत लग्न. गोत्राबाहेर लग्न करणाऱ्या समाजावर ते बंधन वरून लादलं गेलं, असं त्यांचं म्हणणं. चार वर्षांनी, २१ आणि २२ मार्च १९२० ला, आपल्याच माणगावात परिषद झाली. शाहू महाराजांनी तिथं येऊन सांगितलं की आंबेडकर हेच तुमचे पुढारी. याच महाराजांनी संस्थानात आंतरजातीय लग्नाला कायद्याची मान्यता दिली होती. गावच्या सोप्यात महाराजांची तसबीर आबांनी स्वतः लावलीय, दर जयंतीला हार घालतात. त्यांना एवढंच विचार की महाराज आज सोप्यात बसले असते, तर मुक्ताला काय म्हणाले असते.

भिंतींची किंमतही मोजावी लागते. आंध्रातल्या वैश्य समाजात दोन-तीन हजार वर्षं आपसातच लग्नं होत आली. त्यांच्यात एक विकर (एन्झाइम) कमी असण्याचं प्रमाण जास्त आहे. अशा माणसाला ऑपरेशनच्या वेळी स्नायू सैल करणारं ठरावीक औषध दिलं की त्याचा असर लवकर उतरत नाही, श्वास अडतो. २०१७ च्या एका अभ्यासात २६३ समूहांपैकी ८१ मध्ये मोजक्याच पूर्वजांपासून समूह वाढल्याचा असा ठसा फार खोल आढळला. आपल्याकडं मामाची मुलगी करायची रीत आहे, तिथं हा धोका आणखी वाढतो. लग्नाआधी दोघांनी थॅलसेमिया आणि सिकलसेलची रक्ततपासणी करून घ्यावी. हे जात एक असो वा वेगळी, सगळ्यांनीच करावं.

आता कामाचं. विशेष विवाह कायद्याखाली करायचं ठरलं तर ३० दिवस आधी नोटीस द्यावी लागते, आणि दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात ३० दिवस वास्तव्य हवं. सह्या करायला तीन साक्षीदार लागतात. त्यातला एक मी. बाकीचे दोन तू आणि वहिनी व्हा, आणि आबा तयार झाले तर तुझी जागा त्यांना दे. तारीख ठरली की रात्री-अपरात्री कळवलंस तरी चालेल.

वहिनींना नमस्कार, मुक्ताला आशीर्वाद, आबांच्या पायी डोकं ठेवतो.

तुझा,
विलास