आमचा कॅमेरा का बंद पडतो, हे शोधून देणाऱ्या वरूडच्या भाऊंना

सप्रेम नमस्कार भाऊ,

कपाळाला बांधायचा आमचा छोटा ॲक्शन कॅमेरा तुमच्यामुळे पुन्हा चालू झाला. आभार दुकानात येऊन मानलेच, पण तुम्ही जे समजावून सांगितलं ते शेतीचे व्हिडिओ काढणाऱ्या आपल्या भागातल्या सगळ्यांना कळावं, म्हणून हे पत्र उघड लिहिते आहे.

आमच्या शेंदूरजनाघाटकडे संत्र्याच्या रोपवाटिका भरपूर. मामाजींची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, हयात जंबेरीच्या रोपावर (हा कलमाचा खुंट) संत्र्याचे डोळे भरण्यात, म्हणजे कलमं बांधण्यात गेली. पेन्सिलीएवढं खोड, जमिनीपासून नऊ-दहा इंचांवर टी आकाराचा छेद, साल जराशी उचलायची, डोळा आत सरकवायचा आणि पट्टीने आवळून बांधायचं. डोळा इतका वर का, तर डिंक्या या रोगाची बुरशी मातीतून येते. दोन्ही हात गुंतलेले असतात म्हणून कॅमेरा त्यांच्या कपाळावर. त्यांचा हात चालताना त्यांच्याच नजरेतून दिसावा, एवढीच माझी इच्छा होती. पण हिवाळ्यात, ऐन कामात कॅमेरा गुपचूप बंद पडायचा. इशारा नाही, काही नाही.

दुसऱ्या एका दुकानात ‘नवा घ्या’ म्हणाले होते. तुम्ही आधी विचारलं, “बंद होताना गरम लागते काय? पडद्यावर तापमानाची खूण येते काय?” दोन्ही नाही म्हटल्यावर तुम्ही बॅटरी काढली, काउंटरच्या काचेवर आडवी ठेवली आणि बोटाने फिरवून पाहिली. फुगलेली बॅटरी भिंगरीसारखी फिरते, सपाट फिरत नाही. आमची जागची हलली नाही. मग तिची पितळी टोकं कोरड्या कापडाने पुसून तुम्ही व्हिडिओ साठवणाऱ्या मेमरी कार्डाकडे वळलात.

ते कॅमेऱ्यासोबत फुकट मिळालेलं कार्ड. वर १२८ जीबी छापलेलं, संगणकही १२८च दाखवत होता. त्यावरचे व्हिडिओ आधी संगणकावर उतरवून घेऊन तुम्ही ते चाचणीच्या फायलींनी पूर्ण भरलं आणि परत वाचून पाहिलं, तर पहिले ३२ जीबीच खरे निघाले. पुढचं सगळं हवेत! शिवाय लिहिण्याचा वेगही मधेच बसायचा. फोर-केमध्ये, म्हणजे जास्त बारकाव्याच्या चित्रात, आमचा कॅमेरा सेकंदाला १०० मेगाबिट, म्हणजे साडेबारा मेगाबाइट लिहितो, आणि व्ही-३० खुणेचं अस्सल कार्ड सेकंदाला किमान ३० मेगाबाइटची हमी देतं, हे तुम्ही कागदावर मांडून दाखवलंत. नवं कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करून दिलंत. जुनं मात्र व्हिडिओ उतरवण्याआधी फॉरमॅट करून पुसू दिलं नव्हतंत, म्हणूनच मामाजींचे सुरुवातीचे व्हिडिओ हाती लागले. त्यासाठी तुमचे आभार मानावे तेवढे थोडेच आहेत भाऊ.

मे महिन्यात बागेत गवताचं आच्छादन टाकताना कॅमेरा पुन्हा बंद पडला, तेव्हा माझा धीर सुटला होता. फोनवर तुम्ही पुन्हा तेच विचारलं आणि या वेळी तापमानाची खूण आलेली होती. “मागचा आजार येगळा, हा येगळा,” असं तुम्ही म्हणालात. आमच्या कॅमेऱ्याची पुस्तिका ३५ अंशांपर्यंतच चालवा म्हणते आणि आपल्याकडे उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसला टेकतो. त्यात हे कॅमेरे धावत्या गाडीवरच्या वाऱ्याने थंड राहतात. झाडाखाली बसून काम करणाऱ्या माणसाच्या कपाळावर कुठला वारा? तुम्ही सांगितलं तसं फोर-के सोडून कमी बारकाव्याच्या १०८० वर आले, सेकंदाला ६० ऐवजी ३० फ्रेम ठेवल्या, वाय-फाय आणि जीपीएस बंद केलं, पाण्यापासून वाचवणारी पेटी काढली. आता सकाळच्या उन्हात पाच-सहा मिनिटांचे तुकडे घेते, मधल्या वेळात कॅमेरा बंद करून सावलीत ठेवते. फ्रिजमध्ये ठेवायचा सल्ला मला बऱ्याच जणांनी दिला होता. बाहेर काढल्यावर आत दव धरतं म्हणून तुम्ही तो वेळीच मोडून काढलात.

मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते हे की, तुम्ही एका वेळी एकच गोष्ट बदललीत आणि प्रत्येक बदलानंतर कॅमेरा माझ्याच हातात देऊन चालवायला लावलात. त्यामुळे आता बाजूच्या गावातली पोरं अडली की मीही आधी बंद होतानाची खूण विचारते, मग बॅटरी, मग कार्ड.

तुमच्या अंगणात जागा आहे म्हणाला होतात. मामाजींनी दोन कलमं तुमच्यासाठी राखून ठेवली आहेत. पहिला चांगला पाऊस झाला की घेऊन येतो, खड्डे तेवढे करून ठेवा.

तुमची,
शेंदूरजनाघाटकडची एक वहिनी