भूशास्त्राची क्षेत्रभेट म्हणजे सहल नव्हे!

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

सप्रेम नमस्कार.

कोल्हापूर शहरातल्या एका महाविद्यालयात मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. विषय भूशास्त्र. पाहुणे हमखास विचारतात, "म्हणजे भूगोलच ना?" त्याची सवय झालीय. सवय होत नाही ती एकाच गोष्टीची. डोंगरावर, नदीकाठी, खाणीत शिकायचा हा विषय आम्ही फळ्यावर शिकतो.

प्रयोगशाळेला नावं ठेवणार नाही. काळ्या दगडाचा केसाहून पातळ काप ध्रुवित प्रकाशात धरून सूक्ष्मदर्शकाची चकती फिरवली, की प्लॅजिओक्लेज या खनिजाच्या कांड्यांवरचे काळे-पांढरे पट्टे एकाआड एक उजळतात, विझतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झालेला लाव्हा तो! पहिल्यांदा पाहिलं तेव्हा जागचा उठवेना. पण धड चालणारा सूक्ष्मदर्शक एकच, आणि मागे रांग.

पन्हाळा मात्र कुठल्याच कपाटात मावत नाही. माथ्यावर जांभा, सच्छिद्र, पावसाचं पाणी गिळणारा. त्याखाली मऊ चिकणमाती, पाणी अडवणारी. दोन्हींच्या सांध्यावर पाणी साचलं, की माती लोण्यासारखी होते आणि वरचा भार घसरू लागतो. जुलै २०२१च्या पावसात गडावर जाणारा मुख्य रस्ता खचला, तो आपल्याला आठवत असेल. अशा उतारावर झरा नेमका कुठल्या थरातून फुटतो, झाडं कुठल्या बाजूला कलली आहेत, भेग जुनी की यंदाची, हे पुस्तकात वाचून ओळखता येत नाही. तिथं उताराचा कोन मोजणारा क्लिनोमीटर लावून उभं राहावं लागतं.

आम्ही उभे राहिलो नाही. कोल्हापूर शहरापासून पन्हाळा जेमतेम वीस किलोमीटर. पण गाडीचा खर्च कुणी करायचा यावर कागद फिरत राहिला, परवानगी 'सहल' या सदरात अडकली आणि पावसाळा संपला. सहलींचे नियम कडक आहेत, ते असावेतच. पण घाटातला कापलेला उतार वाचणं ही सहल आहे का? रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकाला कुणी सहल म्हणत नाही.

गंमत अशी, की नव्या शैक्षणिक धोरणात क्षेत्र प्रकल्पाला श्रेयांक आहेत. म्हणजे गुण आहेत, गाडी नाही. शिकवणारे सर तासिका तत्त्वावर. त्यांना पोरांना घेऊन जायची हौस आमच्यापेक्षा जास्त, पण नेमणूकच धड वर्षभराची नसेल तर पोरांची जबाबदारी त्यांनी कुठल्या भरवशावर घ्यायची?

माळीण २०१४, तळिये २०२१, इर्शाळवाडी २०२३. तिन्ही गावांवर दरड कोसळली ती जुलैत. दुर्घटनेनंतर भूवैज्ञानिकांचं पथक येतं, उतार तपासतं, अहवाल देतं. त्या पथकातली माणसं कधीतरी अशाच एखाद्या महाविद्यालयात शिकलेली असतात. भूजल सर्वेक्षण यंत्रणा असो की भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण, तिथं डोंगर पाहिलेली पोरं लागतात.

मागणं मोठं नाही. शासन निर्णयात भूशास्त्राची क्षेत्रभेट सहलीतून वगळून प्रात्यक्षिकात धरा आणि तिच्या प्रवासखर्चाची तरतूद महाविद्यालयाच्या वार्षिक अनुदानात करा. रिक्त पदं पूर्णवेळ भरा. जमलं तर जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाला सांगून पन्हाळा, राधानगरी, शाहूवाडीकडच्या धोक्याच्या उतारांच्या नोंदी आमच्या क्षेत्र प्रकल्पाला जोडून द्या. दरवर्षी मे महिन्यात नवी भेग, नवा झरा टिपून आणणं आम्हाला जमेल, त्यांनाही उपयोगी पडेल.

यंदाची आमची तुकडी तर पास होऊन बाहेर पडेल. निर्णय जूनच्या आत झाला, तर निदान मागच्या पोरांचा पावसाळा तरी वाया जाणार नाही.

आपला नम्र,
भूशास्त्राचा एक विद्यार्थी, कोल्हापूर