‘पेशंट सहकार्य करत नाही’ : हे वाक्य माझ्या हातून सोडवणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

मी तुमच्या लक्षात असेन असं वाटत नाही. आठ महिन्यांपूर्वी आमच्याकडे ‘ट्रॉमा-इन्फॉर्म्ड केअर’चं, म्हणजे पेशंटच्या मनावर जुना आघात असू शकतो हे धरून वागण्याचं, दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं, तेव्हा मी शेवटच्या रांगेत होते. यादीत नाव होतं म्हणून आले होते. एकोणीस वर्षं नोकरी झालेल्या बाईला पेशंटशी गोड बोलायला काय शिकवणार, असंच मनात होतं. पत्र तेव्हाच लिहायला हवं होतं. पण शिकलेलं हातात उतरल्याशिवाय आभार मानणं मला खरं वाटेना, म्हणून थांबले.

पहिल्या दिवशी तुम्ही सगळ्यांना एकेक कागद दिलात आणि पेशंटला आपण रोज म्हणतो अशी तीन वाक्यं लिहायला सांगितलीत. मी लिहिलं : ‘अंग सैल सोडा.’ ‘हलू नका.’ ‘झालंच, दोन मिनिटं.’ मग मला तपासणीच्या टेबलावर झोपायला लावलंत. अंगावर पूर्ण युनिफॉर्म, पाय स्टिरपमध्ये, म्हणजे टेबलाला लावलेल्या पाय ठेवायच्या आधारांत. आणि माझ्याच शेजारी बसणाऱ्या सिस्टरला माझी वाक्यं पायाशी उभं राहून वाचायला सांगितलंत. तिच्याबरोबर मी किती रात्रपाळ्या केल्या असतील! पण खालून मला तिची फक्त हनुवटी दिसत होती, वर ट्यूबलाइट. तिचे हात दिसत नव्हते. दार तिच्या पाठीमागे. तिसरं वाक्य येईपर्यंत मी युनिफॉर्मची कड मुठीत घट्ट धरली होती. मला कुणी बोटही लावलं नव्हतं. तुम्ही काही बोलला नाहीत, फक्त त्या मुठीकडे पाहिलंत.

शरीराचं विज्ञान तुम्ही त्यानंतर सांगितलंत, म्हणूनच ते लक्षात राहिलं. धोक्याची चाहूल लागली की मेंदूतला अमिग्डाला, म्हणजे धोका ओळखणारा भाग, विचाराची वाट पाहत नाही, ॲड्रिनलिन आधी सुटतं. कुणी झगडतं, कुणी पळतं, कुणी जागच्या जागी थिजतं. बीपी मोजायच्या पट्ट्याची आवळण एखादीला मनगटावरची जुनी पकड वाटू शकते. ‘अंग सैल सोडा’ हे शब्द तिने याआधी कुणाच्या तोंडून ऐकले असतील, हे आपल्याला ठाऊक नसतं. आणि थिजलेला माणूस बाहेरून अगदी शांत दिसतो.

इथे मला फार लागलं, मॅडम. ओरडणाऱ्या, पाय झटकणाऱ्या बायका मला आठवत होत्या. त्यांच्या केसपेपरवर मी ‘पेशंट सहकार्य करत नाही’ असं लिहीत आले. पण भिंतीकडे तोंड करून गप्प पडून राहिलेल्या बायका? त्यांना मी ‘किती शहाणी’ म्हणत होते. त्यांच्यातल्या किती जणी तेव्हा मनाने तिथे नव्हत्याच, हा विचार अजून पाठ सोडत नाही.

तुम्ही डॉ. व्हिन्सेंट फेलिट्टींच्या वजन कमी करण्याच्या क्लिनिकची हकीकत सांगितलीत. १९८० च्या दशकात त्यांच्याकडे वजन उत्तम उतरत असलेले पेशंटच उपचार सोडून जात होते. कारण शोधता शोधता लहानपणचे अत्याचार पुढे आले. मग डॉ. रॉबर्ट अँडांबरोबर त्यांनी बालपणातल्या प्रतिकूल अनुभवांचा मोठा अभ्यास केला. त्याचा पहिला निबंध १९९८ चा. साडेनऊ हजार प्रौढांमध्ये निम्म्याहून जास्त जणांनी असा निदान एक अनुभव सांगितला, आणि चार किंवा अधिक प्रकारचे अनुभव असलेल्यांमध्ये दारूचं व्यसन, नैराश्य, आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका ४ ते १२ पट आढळला. लगेच तुम्ही हेही बजावलंत की हे आकडे समूहाचे आहेत, समोरच्या एका बाईचं भविष्य त्यातून वाचायचं नाही. त्या एका वाक्यामुळे माझा तुमच्यावर विश्वास बसला.

तरी मी हात वर करून विचारलंच होतं, ‘ओपीडीत एवढी गर्दी. प्रत्येकीचा भूतकाळ विचारायला वेळ कुठून आणायचा?’ तुम्ही मलाच उलट विचारलंत, ‘सिस्टर, ग्लोव्हज घालण्याआधी तुम्ही पेशंटला आजार विचारता का?’ एड्सच्या काळात युनिव्हर्सल प्रिकॉशन्स आली ती याच तत्त्वावर. कुणाचं रक्त कसं आहे हे कळणार नाही, म्हणून प्रत्येकाच्या बाबतीत काळजी सारखीच. इथेही तसंच. गोष्ट खणून काढायची नाही. जी जखम आपण बंद करू शकत नाही ती उघडायचीही नाही. तिने आपणहून सांगितलं तर ऐकायचं, तिला काय हवं ते विचारायचं, तिच्यावर विश्वास ठेवायचा, ती आज सुरक्षित आहे का ते पाहायचं, पुढच्या मदतीपर्यंत पोहोचवायचं. जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते, आणि ते माझ्या आवाक्यातलं आहे. माझ्या डोक्यावरचं केवढं ओझं उतरलं!

आता ज्या बाईंमुळे हे पत्र लिहायला बसले, त्यांच्याबद्दल. गर्भाशयमुखाच्या तपासणीसाठी त्या तीनदा आल्या आणि तिन्ही वेळा टेबलावरून उठून गेल्या. केसपेपरवर माझ्याच अक्षरात ते वाक्य होतं. चौथ्यांदा आल्या ते प्रशिक्षणानंतर. मी त्यांना आधी खुर्चीवर बसवलं, कपडे अंगावर असतानाच बोलले. स्पेक्युलम, म्हणजे आतलं दिसावं म्हणून योनिमार्गात बसवायचं साधन, हातात दिलं. खोलीत कोण कोण असेल ते सांगितलं आणि त्यांना कोण नको आहे ते विचारलं. ‘हात वर केलात की मी थांबणार, कारण विचारणार नाही,’ म्हटलं.

टेबलावर गुडघ्याला हात लावण्याआधी विचारलं, त्यांनी मान हलवली. बोटं टेकली मात्र, त्यांचा हात वर. मी हात काढून घेतला. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. पुन्हा विचारलं, पुन्हा होकार, पुन्हा हात वर. मी पुन्हा थांबले. तेव्हा लख्ख कळलं की दुखलं म्हणून हात वर होत नाहीये. मी खरंच थांबते का, हे त्या पडताळून बघत होत्या. त्या दिवशी तपासणी झाली नाही. रजिस्टरमध्ये तो दिवस वाया गेलेलाच दिसेल. बाहेर खोळंबलेल्या रांगेवरून मला बोलणीही बसली.

अकरा दिवसांनी त्या आपणहून आल्या. ‘आत तुम्हीच आहात ना?’ एवढंच विचारलं. स्पेक्युलम स्वतःच्या हाताने बसवलं, नमुना मी घेतला. चार मिनिटं लागली असतील. त्यांच्या आयुष्यात काय घडलं ते मला आजही माहीत नाही. मी विचारलं नाही. केसपेपरवर मात्र आता असं लिहिलं आहे : ‘स्पर्शाआधी विचारावं. हात वर केल्यास थांबावं. स्पेक्युलम स्वतः बसवतात.’ पुढच्या पाळीतल्या सिस्टरला त्यांना हे पुन्हा सांगावं लागू नये, म्हणून.

आणखी एका गोष्टीसाठी आभार. तुम्ही केसपेपर काढणाऱ्या क्लार्कना, सिक्युरिटीवाल्यांना, वॉर्डातल्या मावशींना हट्टाने वर्गात बसवलंत. पेशंटच्या कानावर पहिला शब्द त्यांचाच पडतो, हे आम्हाला कधी सुचलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी तुम्ही विचारलंत, ‘कोणता पेशंट तुमच्याबरोबर घरी येतो?’ डॉक्टर गप्प, आम्ही गप्प. बोलल्या त्या मावशी. भाजलेल्या एका मुलाचे कपडे त्यांनी पिशवीत भरले होते, त्या वासाबद्दल. तुम्ही प्रोजेक्टर बंद केलात आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसलात. त्यांना इतक्या वर्षांत कुणी हे विचारलं नव्हतं, मीसुद्धा नाही.

सगळं सुधारलं असं सांगणार नाही. टेबल फिरवून घेतलं, आता पाय दाराकडे येत नाहीत. पडदा अजून पुरता बंद होत नाही. वेळ वाढवून मिळालेला नाही, आणि वेळ न देता नुसती प्रशिक्षणं घेतली तर सगळा भार पुन्हा सिस्टरवरच येतो, हे तुम्ही वरिष्ठांसमोर स्पष्ट बोललात. तेही आमच्यापैकी कुणाला तोवर जमलं नव्हतं.

माझा तो तीन वाक्यांचा कागद तुम्ही परत दिलात तेव्हा त्यावर एकही खूण नव्हती. तो मी औषधांच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आहे. गेल्या आठवड्यात नव्याने लागलेल्या सिस्टरने विचारलं, हे काय आहे? मी तिला टेबलावर झोपायला सांगितलं आणि पायाशी उभी राहून वाचायला लागले. दुसऱ्या वाक्याला ती म्हणाली, ‘सिस्टर, थांबा.’

मी थांबले.

आपली,
तपासणी खोलीतली सिस्टर