सेल्फ फिरतो, पण गाडी स्टार्ट घेत नाही

तीर्थरूप बाबा आणि सौ. आईस,
शि. सा. नमस्कार.

आईसाठी आधीच लिहितो. मी ठणठणीत आहे, गाडी चालू आहे, आणि त्या रात्री मी काही रस्त्यात अडकलो नव्हतो, पार्किंगमध्ये होतो. वर छप्पर होतं, दिवे होते, माणसांची ये-जा होती. पाऊण तास बसावं लागलं, तेवढंच. तेव्हा फोनवर "मीटिंगमध्ये आहे" म्हणालो ते खोटं होतं, पण खरं सांगितलं असतं तर तू रात्रभर जागली असतीस आणि गाडी तरीही चालू झाली नसती.

बाबा, काका म्हणतात तसा दोष बॅटरीचा नव्हता, त्यांना सांगा. बॅटरी उतरली असती तर सेल्फ, म्हणजे इंजिन चालू करणारी मोटर, रडत फिरला असता, नाहीतर नुसती टकटक आली असती. माझा सेल्फ नेहमीच्या जोरात फिरायचा, फक्त इंजिन पकडायचं नाही. तेही रोज नाही. सकाळी पहिल्या झटक्यात चालू व्हायची. तासभर चालवून कुठे दहा मिनिटं थांबलो आणि परत चावी फिरवली, की कधीकधी नुसती फिरत राहायची. अर्धा-पाऊण तास गेला की काही झालंच नव्हतं अशी चालू! मेकॅनिककडे नेली तर तिथे शहाणी. तीनदा नेली, तिन्ही वेळा त्याच्यासमोर गुणी बाळासारखी वागली.

आता या मेकॅनिकची तऱ्हा सांगतो, कारण मला ती समजायला महिना लागला. तो बिघाड डोळ्यांनी बघितल्याशिवाय एक स्क्रू काढत नाही. तुम्ही बॉनेट उघडण्याआधी नुसत्या आवाजावरून सांगायचात, आणि हा माणूस चालू गाडी बघून मला म्हणतो, "बिघडलेली असताना आणा." बिघडलेली असताना आणू कशी? ती चालतच नाही ना! तर त्याने मला चक्क गृहपाठ दिला. गाडीत वही ठेवायची आणि गाडी चालू झाली नाही की घाबरून सेल्फ मारत बसायचं नाही, आधी चार गोष्टी बघून लिहायच्या. चावी ऑन केल्यावर मागच्या सीटखालून पेट्रोल पंपाचा दोन सेकंद गुंई आवाज येतो का. डॅशबोर्डवर कुलपाचा दिवा लुकलुकतो का, म्हणजे चावीतली चिप गाडीने ओळखली नाही असं. सेल्फ फिरताना आरपीएमचा, म्हणजे इंजिनच्या फेऱ्या दाखवणारा, काटा जरा तरी उचलतो का. आणि मागे सायलेन्सरपाशी पेट्रोलचा वास येतो का. वर तारीख, वेळ, इंजिन किती तापलं होतं, मधे किती वेळ उभी होती. आणि हेच सगळं गाडी नीट चालू होते तेव्हाही एकदा लिहायचं, कारण काटा सगळ्याच गाड्यांत हलतो असं नाही. आपल्या गाडीची नेहमीची सवय माहीत नसेल तर बिघाड ओळखणार कशावरून? मला वाटलं, हा काम टाळतोय. पण लिहीत गेलो.

सहा आठवड्यांत पाच वेळा नापास झाली. पाचही वेळा पंपाचा आवाज होता, कुलपाचा दिवा नव्हता, पेट्रोलचा वास नव्हता, आणि काटा शून्याला चिकटलेला. पाचही वेळा इंजिन तापलेलं. वही बघून तो पहिल्यांदा हसला. म्हणाला, सेल्फ इंजिन फिरवतोय पण ते फिरतंय हे गाडीच्या कॉम्प्युटरला कळतच नाहीये. ते कळवतो क्रँकशाफ्टचा, म्हणजे इंजिनच्या फिरत्या दांड्याचा, सेन्सर. तो गप्प बसला की कॉम्प्युटर ना पेट्रोल सोडणारे इंजेक्टर उघडत, ना ठिणगी देत. गाडीचा कॉम्प्युटर वाचणाऱ्या स्कॅनरला बिघाडाचा कोड सापडला नव्हता, पण कोड नाही म्हणजे दोष नाही असं धरू नका, म्हणाला.

मग त्याने गाडी तापवून, बंद करून, मुद्दाम उभी ठेवली, आणि ती एकदाची त्याच्यासमोर रुसली! स्कॅनरवर सेल्फ फिरताना आरपीएम शून्य. सेन्सरचा प्लग, वायरी हलवून बघितल्या, त्या ठीक होत्या. सेन्सरला मीटर लावला तर आतली कॉइल तुटल्यासारखी दाखवत होती. मग त्याने सेन्सरवर गार पाणी ओतलं आणि चावी फिरवली. लागली! बाबा, मला तुमचं ओलं फडकं आठवलं. गाडी तापून बंद पडली की बॉनेटखालच्या पेट्रोल पंपावर टाकायचात ते. सेन्सर बदलून पाच आठवडे झाले, एकदाही रुसली नाही.

आता जे फोनवर सांगितलं नाही ते. या मेकॅनिकच्या आधी दुसरीकडे गेलो होतो. तिथे "पंपच असणार" म्हणून अंदाजाने पंप बदलला. पंप धडधाकट होता. ते पैसे गेले, म्हणून या महिन्यात चिऊच्या लग्नासाठी ठरल्यापेक्षा कमी पाठवलेत. उरलेले पुढच्या महिन्यात नक्की. हॉलवाल्याला तेवढं थांबायला सांगा, कर्ज मात्र काढू नका. रजा लग्नाच्या आधी चारच दिवस मिळाली आहे. पंधरा म्हणालो होतो, माहीत आहे. हळदीच्या आधी पोचतो. चिऊला मी वेगळं लिहितो, तिला तुम्ही काही बोलू नका.

आई, तू पाठवलेला फोटो बघितला. नाही म्हणत नाहीये. आल्यावर बोलू.

तुमचा,
बाळू

ता. क. आई, बाबांना चक्कर येते हे मला चिऊकडून कळलं, तुम्हा दोघांकडून नाही. डॉक्टरांसमोर गेलं की हे एकदम ठणठणीत असतात म्हणे, आणि "काही नाही हो" म्हणून परत येतात. तू एक वही कर. चक्कर कधी आली, उठताना आली की चालताना, काही खाल्लं होतं का, गोळी घेऊन किती वेळ झाला होता, किती वेळ टिकली. बरे असतील त्या दिवसाचंही लिही. ती वही डॉक्टरांना दाखव, आणि बाबांना बोलू देऊ नकोस.