बाबा, मरिना विकू या

पुणे,
1 मार्च 2026

ती. आई-बाबांना,
सा. नमस्कार.

परवा फोनवर आपल्या मरिना गाडीचा विषय काढला तेव्हा बाबा, तुम्ही "बघू" म्हणालात आणि लगेच काटोलच्या विहिरीच्या पाण्याचं सांगायला लागलात. तुमचं "बघू" मला लहानपणापासून कळतं. म्हणून सगळं नीट लिहून पाठवते आहे. चष्मा लावून सावकाश वाचा आणि आईलाही वाचून दाखवा. फोनवर माझं अर्धंच बोलून होतं आणि मग आपण दोघंही चिडतो.

पावसाळ्याआधी मरिना विकू या, आणि ती उभी राहते त्या जागेत रॅम्प बांधू या, एवढंच मला म्हणायचं आहे. पैशाची अडचण नाही, गाडीबद्दल तक्रारही नाही. तुम्हा दोघांना चालायला ती जागा हवी आहे.

दिवाळीत मी टेप लावून गाडीची छपरी मोजली होती. फाटकापासून पायऱ्यांपर्यंत तेवीस फूट, रुंदी नऊ फूट. घराचं जोतं दीड फूट उंच. व्हीलचेअर किंवा वॉकर नीट चढायचा तर एक इंच उंचीला बारा इंच लांबी, असा रॅम्पचा हिशोब असतो. म्हणजे दीड फुटाला अठरा फूट. उतार याहून उभा केला तर खाली येताना खुर्ची आवरत नाही आणि वॉकर पुढे पळतो. अठरा फूट रॅम्पला गेले की फाटकाजवळ वळायला पाच फूट उरतात, आणि खुर्ची वळवायला तेवढे लागतातच. गाडी एका अंगाला आणि रॅम्प दुसऱ्या अंगाला, असं तुम्ही सुचवलं होतं. तेही मी कागदावर मांडून पाहिलं. रॅम्पची रुंदी चार फूट धरली तर उरतात पाच. मरिनाच सव्वापाच फुटांच्या वर आहे, आणि दार उघडायला जागा लागते ती वेगळीच. बाहेर लिंबाच्या झाडाखाली उभी करायची तर आपली गल्ली केवढीशी, आणि मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत ती रस्त्यावर तापत ठेवायला तुम्हीच तयार होणार नाही.

आई, जानेवारीत तू बादली घेऊन गाडी आणि भिंत यांच्यामधून आडवी जात होतीस आणि आरशाला धडकलीस, हे मला शेजारच्या काकूंकडून कळलं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी वॉकर दिला तो तू आतल्या खोलीत ठेवून दिलास, कारण बाहेर तो मावतच नाही. तुळशीला पाणी घालायला जायचं तरी तुला गाडीला हात टेकत टेकत जावं लागतं. तू हे बाबांना कधी बोलून दाखवणार नाहीस, म्हणून मी लिहिते आहे.

आता गाडीबद्दल. ही गाडी माझ्यासाठी काय आहे ते तुम्हाला माहीत आहे, तरी लिहिते, नाहीतर तुम्हाला वाटेल पोरगी पुण्यात बसून हिशोब करून राहिली आहे.

कोराडीला तुमच्या साहेबांकडे टाटा इस्टेट होती, 1992 मध्ये निघालेली ती लांबलचक गाडी. तुम्ही घरी येऊन तिच्या मागच्या दाराचं वर्णन करायचात. मग 2004 मध्ये इंडिगो मरिना बाजारात आली आणि 2006 च्या दसऱ्याला आपल्या दारात. सगळ्यांना वाटलं होतं तुम्ही डिक्कीवाली साधी इंडिगो घ्याल. काकांनी तर विचारलं, एवढी मागे वाढवलेली गाडी कशाला? आपल्याकडे असल्या गाड्या फारशा कुणी घेतल्याच नाहीत. बलेनोची अल्टुरा झाली, स्कोडाची कॉम्बी झाली, सगळ्या थोडक्यात आटोपल्या. लोकांना गाडीला मागे वेगळी डिक्की दिसायला हवी असते. तुम्हाला मात्र काटोलहून संत्र्याची क्रेट आणायची होती, महालक्ष्म्यांचे मुखवटे आणि कोठ्या आजीकडून न्यायच्या-आणायच्या होत्या, आणि चितार ओळीतून गणपती घरी येताना त्याच्या मुकुटाला छत लागू द्यायचं नव्हतं. आईचा कूलर दुरुस्तीला न्यायचा तर मागची सीट पाडली की तो उभाच्या उभा आत. दादाचं इंजिनीअरिंगचं सगळं बिऱ्हाड तिच्यातूनच गेलं. माझ्या लग्नाचा रुखवतही.

मला सगळ्यांत जास्त आठवतं ते आजीचं. खुब्याचं ऑपरेशन झाल्यावर तिला बसवत नव्हतं. तुम्ही मागची सीट पाडली, गादी टाकली, गादीखाली आणखी एक रजई घातली, आणि तिला आडवी घेऊन काटोलला निघालात. मी तिच्या पायांशी बसले होते. मागच्या मोठ्या काचेतून तिला झाडं उलटी जाताना दिसत होती. फेटरीच्या पुढे मला रडू आलं तर म्हणाली, "काहून रडून राहिली वं? मी तर मजेत पाहून राहिली." तुम्ही सगळा रस्ता चाळीसच्या वर काटा जाऊ दिला नाहीत. कळमेश्वरला थांबून तिच्या मानेखालची उशी सारखी केलीत, पुन्हा चालवायला बसलात. साठेक किलोमीटरला किती वेळ लागला देव जाणे. त्यानंतर मला ती गाडी कधीच नुसती गाडी वाटली नाही, आणि ती भंगारात जावी हे मला जराही मान्य नाही.

पण आज तिची काय स्थिती आहे? मोतीबिंदूनंतर तुम्ही रात्रीचं चालवणं सोडलंत, ते फार चांगलं केलंत. सीताबर्डीला जायचं तर सुभाषनगरहून मेट्रो धरता. रविवारी बॅटरी उतरू नये म्हणून गाडी चालू करता, जरा वेळ तशीच ठेवता आणि बंद करता. अशा नुसत्या चालू करण्याने बॅटरी पुरती भरत नाही आणि ब्रेकचं तर काहीच भलं होत नाही. उभ्या गाडीचे टायर खाली एकाच जागी चेपतात, रबरं उन्हाने वाळतात. उंदरांनी वायरी कुरतडल्या त्या तुम्ही पावसाळ्यात एकदा बदलून घेतल्या, आणि परवा दादा म्हणत होता की पुन्हा वास येतो आहे. इंजिन मात्र अजून ठणठणीत आहे. इंडिकाचंच 1405 सीसी डिझेल इंजिन असल्याने कुठलाही जुना मिस्त्री डोळे मिटून ते उघडतो. म्हणून ती आज चालणाऱ्या माणसाकडे जायला हवी. आणखी दोन वर्षं छपरीत उभी राहिली तर ती कुणाच्याच कामाची उरणार नाही.

कागदांचंही आत्ताच बघायला हवं. 2021 मध्ये पंधरा वर्षं झाली तेव्हा तुम्ही नूतनीकरण केलंत, तेव्हा फी 600 रुपये होती. एप्रिल 2022 पासून ती 5,000 झाली, आणि मागच्या ऑगस्टमध्ये केंद्राने वीस वर्षांवरच्या चारचाकीसाठी 10,000 केली. आपली पाच वर्षांची मुदत या ऑक्टोबरमध्ये संपते. म्हणजे ही फी, पर्यावरण कर, आणि तपासणीत पास व्हायला जे काम निघेल ते. जी गाडी महिन्यातून एकदा फाटकाबाहेर जाते तिच्यासाठी एवढं करायचं का, हे तुम्हीच सांगा. आणि मुदत शिल्लक असताना विकली तर घेणाऱ्यालाही सोयीचं.

दिल्लीसारखं इथेही जुनं डिझेल बंद होणार, असं तुम्हाला कुणीतरी कट्ट्यावर सांगितलं आहे. तो दहा वर्षांचा नियम दिल्ली आणि आसपासच्या भागाचा आहे, नागपूरचा नाही. त्या भीतीने कुणी मातीमोल भाव सांगितला तर ऐकू नका. जुन्या गाड्यांच्या एका व्यापाऱ्याने दादाला जी रक्कम सांगितली ती ऐकून मला वाईट वाटलं. तो गाडी पाहायलाही आला नव्हता. मोडीत दिली तर नव्या गाडीवर करात सवलत मिळते, पण आपल्याला नवी गाडी घ्यायचीच नाही.

माझ्या मनात वेगळंच आहे. माझ्या मैत्रिणीला तबला शिकवणारे सर आहेत, नागपुरातच राहतात. तबले, डग्गे, हार्मोनियम, सतरंजी, सगळं घेऊन त्यांना भजनाला, शाळांना, गावोगावी जावं लागतं. त्यांना उंच गाडी नको, कारण वाद्यं चढवता-उतरवताना कंबर दुखते. मरिनाची मागची पट्टी खाली आहे, वाद्य सरळ आत सरकतं. मी त्यांना फोटो पाठवले. किंमत विचारायच्या आधी त्यांनी विचारलं, सीट पाडली की मागे किती लांब जागा होते? बाबा, हा तुमचा गिऱ्हाईक आहे. ते व्यापाऱ्यापेक्षा जास्त देतील, फार जास्त नाही. मला तेवढ्यात समाधान आहे. तुम्ही त्यांना एकदा भेटा, गाडी तुम्ही स्वतः चालवून दाखवा आणि मग ठरवा.

तुमची डिझेलची डायरीही त्यांना दाखवा. 2006 पासून प्रत्येक वेळी किती लिटर, किती किलोमीटर, टायमिंग बेल्ट कधी बदलला, सगळं तुमच्या अक्षरात आहे. असा कागद कुठल्याच जुन्या गाडीबरोबर मिळत नाही. त्यांना झेरॉक्स द्या. मूळ डायरी मला हवी आहे.

एका गोष्टीवर मी अडून बसणार आहे. माणूस कितीही चांगला असला तरी "घेऊन जा, कागद नंतर करू" असं म्हणायचं नाही. तुमचा स्वभाव तसा आहे म्हणून सांगते. गाडी दुसऱ्याच्या ताब्यात असली तरी आरटीओच्या दफ्तरात ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईला तोच जबाबदार, असं सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. म्हणून गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्म 29 आणि 30 वर त्याच दिवशी सह्या, आणि चौदा दिवसांच्या आत आरटीओला कळवायचं. विमाही तेवढ्याच मुदतीत त्यांनी आपल्या नावावर करून घ्यायचा. फास्टॅग आपण बंद करायचा, नाहीतर त्यांचा टोल तुमच्या खात्यातून जाईल. नवी नंबरप्लेट तुम्ही लावून घेतली आहे, ते एक काम वाचलं. अर्ज ऑनलाइन मी भरेन. ओटीपी तुमच्या मोबाइलवर येईल, तो फक्त मला सांगायचा, दुसऱ्या कुणालाही नाही.

रात्री-बेरात्री काही झालं तर गाडी दारात हवी, ही तुमची काळजी खरी आहे. मी तिच्यावर खूप विचार केला. पण रात्री तुम्ही चालवत नाही, आणि आई चालवत नाही. मग तेव्हा ती गाडी बाहेर काढणार कोण? 108 ची अँब्युलन्स आहे, समोरचा मुलगा आहे, त्याच्याशी मी बोलले आहे. आणि स्ट्रेचर आला तर तो आज छपरीतून आतच येऊ शकत नाही. हे लिहिताना मला त्रास होतो, पण लिहायलाच हवं. काटोलला जायचं तर ड्रायव्हरसकट गाडी सांगू, त्याचे पैसे मी आणि दादा देऊ. यावर वाद नको.

रॅम्पला दोन्ही बाजूंनी कठडा, वर खडबडीत फरशी, आणि उरलेल्या पाच फुटांच्या पट्ट्यात आई, तुझी तुळस, दोन खुर्च्या आणि संध्याकाळी येणाऱ्या बायकांना बसायला बाक. बाक सिमेंटचा नको, उन्हात तापतो. मिस्त्रीने एप्रिलमध्ये काम धरलं तर पाऊस यायच्या आत काँक्रीटला नीट पाणी मारून होईल. नागपूरच्या उन्हात दिवसातून तीनदा तरी मारावं लागेल, ते समोरच्या मुलाला सांगू. आई, तू पाइप धरून उभी राहायचं नाही.

मी 14 तारखेला, शनिवारी संध्याकाळी अजनीला उतरते. सरांना रविवारी सकाळी दहाला बोलावते. तुम्हाला तो माणूस पटला नाही तर मी एक शब्दही बोलणार नाही, आपण दुसरा शोधू. पण विकायचं की नाही, हे मात्र आता ठरवून टाका.

तोवर एवढं करा. आरसीचं कार्ड लोखंडी आलमारीत वरच्या कप्प्यात असेल, ते काढून त्याच्यावर बँकेचं नाव अजून आहे का ते पाहा. कर्ज 2011 मध्येच फिटलं होतं, पण नाव काढायचं राहून गेलं असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म 35 लागेल. बँकेत तुम्ही जाऊ नका, मी आल्यावर आपण दोघं जाऊ. दुसरी किल्ली देव्हाऱ्याच्या खणात असते, तीही शोधून ठेवा.

तुमची,
सोनू