प्रिसिजन शिकवणाऱ्या आमच्या सरांना

विश्रामबाग, सांगली

आदरणीय सर,

सा. न. वि. वि.

तुम्ही आम्हाला प्रिसिजन क्लब ही ब्रिजमधली बोलीची पद्धत (सिस्टम) शिकवलीत, त्याबद्दल मनापासून आभार मानायला हे पत्र लिहितो आहोत. खुलं लिहितो आहोत, कारण मिरज, तासगाव, इस्लामपूर, कराडकडे ब्रिज खेळणारे बरेचजण समोरून ‘१ किलवर’ आलं की बिचकतात आणि आपण ही सिस्टम कधी शिकू शकू असं त्यांना वाटत नाही. तुम्ही ज्या क्रमाने शिकवलंत तो त्यांच्याही उपयोगी पडेल. तुमचं नाव छापलेलं तुम्हाला आवडत नाही, म्हणून ते लिहिलेलं नाही.

सगळ्यात मोठं ऋण पहिल्याच धड्याचं. १६ किंवा जास्त पॉइंट (एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १) असले की १ किलवर, रंग कुठलाही असो, एवढं सांगून तुम्ही तो विषय बाजूला ठेवलात आणि आकडा मांडलात: शंभर हातांत १६ च्या वरचे सुमारे १०, आणि ११ ते १५ चे सुमारे ३४. म्हणजे ही सिस्टम जिंकून देते ती बहुतेक वेळा १ किलवर न बोलता. १ बदाम, १ इस्पिक, १ नो ट्रम्प (बिनहुकमी), २ किलवर या सगळ्या बोल्यांवर १५ चं झाकण बसतं, आणि पार्टनरला पहिल्याच फेरीत हिशेब करता येतो. इतर ठिकाणी प्रिसिजन शिकवताना सुरुवातच १ किलवरच्या उत्तरांपासून होते. चार आठवडे पाठांतर चालतं आणि शिकणारा कंटाळून सोडून देतो. तुमचा क्रम बरोबर होता असं आम्ही ठामपणे म्हणतो.

पार्टनरने १ इस्पिक उघडलं (पहिली बोली केली), आपल्याकडे ७ पॉइंट, इस्पिकची दोनच पानं. नैसर्गिक पद्धतीत पास करायची भीती वाटते, कारण समोर १९ असू शकतात. इथे जास्तीत जास्त १५ आणि ७ मिळून २२. गेम (बोनस मिळवून देणारी बोली, जशी ४ इस्पिक) नाही, निवांत पास. पण तीन पानांचं फिट (पार्टनरच्या रंगाची साथ) असेल तर ७ वरही २ इस्पिक करा, असं तुम्ही बजावलं होतंत, कारण पास गेला की विरोधक स्वस्तात आत शिरतात. ११-१२ आणि चार पानं असली तर ३. आणि मग तुमची ती लाडकी ४ इस्पिकची उडी. एक हात: इस्पिक राजा-९-७-६-४, बदाम ५, चौकट राणी-८-६-३, किलवर ९-७-२. दुसरा: इस्पिक राणी-८-४, बदाम एक्का-६, चौकट राजा-गुलाम-७-५, किलवर राजा-९-६-३. पहिल्यात ५ पॉइंट, दुसऱ्यात १३. दोन्हींवर थेट ४ इस्पिक. उघडणाऱ्याला १५ ची मर्यादा माहीत असल्याने तो पुढे सरकत नाही; विरोधकांना मात्र यातला कुठला हात आहे ते कळत नाही. डबल करावं (‘हे जमणार नाही’ म्हणून दंड दुप्पट करावा) तर १३ वाला निघतो, गप्प बसावं तर ५ वाल्याने त्यांचा बदामाचा गेम पळवलेला असतो.

यातलं दुखणंही तुम्ही लपवलं नाहीत. १ नो ट्रम्प १३ ते १५ चं आणि १ बदाम, १ इस्पिकला पाच पानं हवीत, म्हणून ११-१२ चे सगळे संतुलित (कुठलाच रंग फार लांब वा आखूड नसलेले) हात १ चौकटमध्ये कोंबावे लागतात. तिथे चौकटची दोनच पानं असू शकतात. ‘चौकटला पाचाखाली फिट धरायचं नाही’ हा तुमचा नियम आमच्या सगळ्यांच्या तोंडी बसला आहे. २ किलवरचंही तसंच: सहा पानं, किंवा पाच पानं आणि जोडीला चार पानी बदाम वा इस्पिक. पाच पानं असतील तर ती दमदार हवीत. कारण एक अख्खी पातळी खर्च झालेली असते, आणि पार्टनरकडे आठच पॉइंट असले तर त्याला २ चौकट बोलून चार पानी रंग विचारता येत नाही. ४-४ चं फिट तिथेच बुडतं. किलवर पाच आणि बाकी ३-३-२ असेल तर २ किलवरचा मोह टाळायचा: १३ ते १५ असतील तर १ नो ट्रम्प, ११-१२ असतील तर १ चौकट.

आणि २ चौकट कशासाठी असते, हे तुम्ही एका हातावर दाखवलंत: इस्पिक एक्का-राणी-७-४, बदाम राजा-गुलाम-८-३, चौकट ६, किलवर राजा-९-६-२. १३ पॉइंट, उघडायलाच हवा, पण पाच पानी रंग नाही, किलवर पाच नाहीत, चौकट तर नाहीच. बाकी सगळ्या बोल्या बंद झाल्यावर उरलेल्या या हातासाठी २ चौकट राखून ठेवलेली आहे, हे कळल्यावर ती पाठ करावी लागली नाही.

१ किलवरकडे तुम्ही यानंतर आलात. १६ ची रेघ आंधळेपणाने पाळायची नाही हे आधी. इस्पिक एक्का-राजा-गुलाम-१०-६-४, बदाम एक्का-९-५, चौकट राजा-७, किलवर ८-३: मोजून १५, तरी १ किलवर. उलट इस्पिक राजा-गुलाम, बदाम राणी-गुलाम-५-३, चौकट राजा-राणी-६, किलवर राजा-गुलाम-७-४: मोजून १६, एकही एक्का नाही, दोन मानाची पानं दुकटी अडकलेली. हा हात १ नो ट्रम्पचाच.

उत्तरात ८ ची रेघ का, तेही तुम्ही हिशेबातून काढून दाखवलंत. उघडणाऱ्याकडे १६ गेले की तिघांत उरतात २४, सरासरी ८. म्हणजे १ चौकट हे ० ते ७ चं नकारार्थी उत्तर जवळपास निम्म्या वेळा येणार. ते उदास तोंडाने द्यायचं कारण नाही. ८ आणि वर असले की गेम ठरलेलाच: पाच पानी रंग बोला, रंग नसेल तर ८ ते १० ला १ नो ट्रम्प. १ चौकटनंतर उघडणाऱ्याने १ नो ट्रम्प म्हटलं तर १६ ते १८, २ नो ट्रम्प म्हटलं तर १९ ते २१. २२-२३ संतुलित असतील तर सुरुवातच २ नो ट्रम्पने. पण १ चौकटनंतरचं १ बदाम किंवा १ इस्पिक पास करता येतं, हे नवे लोक हमखास विसरतात. उघडणाऱ्याला पास नकोच असेल तर त्याने उडी मारून २ बदाम किंवा २ इस्पिक म्हणायचं.

आता तो धडा, ज्यासाठी आम्ही तुमचे सगळ्यात जास्त ऋणी आहोत: विरोधकांची लुडबूड. १ किलवरने हाताची ताकद कळते, आकार अजिबात कळत नाही. हे जाणणारे विरोधक, विशेषतः व्हल्नरेबल नसताना (हरल्याचा दंड कमी असताना), कशावरही आत येतात. मॅथे या त्यांच्या ठरीव पद्धतीत डबल म्हणजे बदाम-इस्पिक दोन्ही, १ नो ट्रम्प म्हणजे चौकट-किलवर दोन्ही. त्याहून त्रासाच्या २ इस्पिक, ३ बदाम अशा उड्या. तुम्ही म्हणालात, आधी घाबरायचं थांबवा आणि किती जागा गेली ते मोजा. डबलने काहीच जात नाही, उलट पास आणि रिडबल (डबलवर पुन्हा डबल) या दोन बोल्या वाढतात. १ चौकट आली तर एक बोली जाते, पास आणि डबल मिळतात. खरी चणचण १ इस्पिकपासून पुढे.

त्यासाठीची तुमची व्यवस्था आज आमच्या सगळ्या जोड्या वापरतात. दोनच्या पातळीपर्यंत: ० ते ४ ला (किंवा त्यांच्याच रंगाची पाच चांगली पानं असली तर) पास, ५ ते ७ ला डबल, ८ आणि पाच पानी रंग असेल तर तो रंग, गेमपर्यंत थांबणं नाही, ८ ते १० आणि त्यांच्या रंगाचा स्टॉपर (तो रंग अडवणारं पान) असेल तर नो ट्रम्प, ८ आहेत पण रंगही नाही, स्टॉपरही नाही, तर त्यांचाच रंग बोलायचा. तीनच्या पातळीवर ५ ते ७ चं डबल बंद. तिथलं डबल म्हणजे ८ आणि वर.

इथे काय बिघडतं? ९ पॉइंट, पाच पानी रंग नाही, म्हणून पार्टनर हाताच्या सवयीने डबल करतो. उघडणारा ५ ते ७ समजून दोनवर थांबतो आणि गेम हातचा जातो. दुसरा घोटाळा उघडणाऱ्याचा. त्यांचा १ इस्पिक, पार्टनरचा पास, आणि उघडणाऱ्याकडे इस्पिकचं एकच पान असताना तो ‘पार्टनरकडे काही नाही’ म्हणून गप्प बसतो. पार्टनर इस्पिकची पाच चांगली पानं धरून डबलची वाट बघत असू शकतो. त्यांच्या रंगात आखूड असाल तर पुन्हा डबल करून बोली चालू ठेवा, हा नियम तुम्ही इतक्या वेळा सांगितलात की आता तो न सांगता पाळला जातो.

सरावाची तुमची रीतही इथे नोंदवतो, कारण ती कुठल्याही गावात चालेल. गड्डीतून निवडून एका हाताला १६ ते २० पॉइंटची १३ पानं द्यायची, उरलेले ३९ पत्ते पिसून तिघांना वाटायचे. फक्त बोली, खेळ नाही. उघडणाऱ्याच्या डावीकडच्याने प्रत्येक वेळी काहीतरी बोललंच पाहिजे, हात कितीही रद्दी असो. बोली संपली की चारही हात उघडे करून कुठे थांबायला हवं होतं ते बघायचं. खेळ नसल्याने एका बैठकीत भरपूर हात होतात, आणि लुडबुडीची भीती जाते. दोघांनी वेगवेगळे लिहिलेले तक्ते शेजारी ठेवून ताडून पाहणं हेही त्यातलंच. बहुतेक जोड्यांचे मतभेद तिथे, कागदावर, फुकटात सापडतात.

स्लॅमच्या (तेरापैकी बारा किंवा तेराही फेऱ्या जिंकण्याच्या बोलीच्या) विचारणा तुम्ही अगदी शेवटी दिल्यात. १ किलवर, १ इस्पिक, २ इस्पिक: इथे उघडणाऱ्याचा २ इस्पिक हुकमाची चौकशी करतो. पायऱ्या मोजायच्या: पहिली, म्हणजे २ नो ट्रम्प, वरच्या तिघांतलं (एक्का-राजा-राणी) एकही पान नाही, दुसरी, पाच पानं आणि एक, तिसरी, पाच पानं आणि दोन, चौथी, सहा पानं आणि एक, पाचवी, सहा आणि दोन, सहावी, तिन्ही. आपल्या हातात इस्पिकचे राजा-राणी असताना ३ किलवर आलं, तर समोर पाच पानं आणि एक्काच. तीनच्या पातळीवर हुकमाचं चित्र स्वच्छ होतं आणि ४ इस्पिकच्या आत बाकीचं विचारायला जागा उरते. देखणी गोष्ट आहे. पण अशी संधी क्वचित येते आणि लुडबूड रोज होते, म्हणून तुम्ही हे मागे ठेवलंत ते योग्यच.

इतिहास तुम्ही थोडक्यात सांगायचात, पण नेमका. हॅरोल्ड व्हँडरबिल्ट यांनी १९२५ मध्ये कॉन्ट्रॅक्ट ब्रिजची गुणपद्धत बसवली आणि बलवान १ किलवर, नकारार्थी १ चौकट ही कल्पनाही त्यांचीच. इटलीच्या ब्लू टीमने आपापल्या क्लब पद्धतींनी वर्षानुवर्षं जग जिंकलं. सी. सी. वेई यांनी प्रिसिजन रचली, आणि १९६९ मध्ये तैवानचा संघ ती खेळत बर्म्युडा बोल या जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत इटलीसमोर उभा राहिला.

टेबलावरच्या वागणुकीचे धडेही विसरलेलो नाही. बसल्याबरोबर ‘आमचा १ किलवर कृत्रिम, १६ च्या वर’ हे समोरच्यांना सांगायचं, आपल्या बोल्यांचं कार्ड पुढे सरकवायचं, कृत्रिम बोलीला अ‍ॅलर्ट करायचं. पार्टनरने आपल्या बोलीचा अर्थ चुकीचा सांगितला तर चेहऱ्यावरही काही दाखवायचं नाही. डिक्लेअरर (ठरलेला डाव खेळणारा) किंवा डमी (पानं उघडी मांडणारा त्याचा पार्टनर) असलो तर शेवटच्या पासनंतर, पहिलं पान पडण्याआधी दुरुस्ती करायची. डिफेन्सला असलो तर खेळ संपल्यावरच. स्वतःचं कार्ड बोली चालू असताना बघायचं नाही. आमच्याकडच्या टेबलांवर नवी सिस्टम तंट्याशिवाय रुजली ती या शिस्तीमुळे.

एक प्रश्न मात्र तुमच्याकडे राखून ठेवला आहे. १ किलवरला पार्टनरने स्वतः १ इस्पिक म्हटलं की डिक्लेअरर तो होतो, बलवान हात डमी होऊन टेबलावर उघडा पडतो, आणि पहिलं पान त्याच्या एक्का-राणी, राजा-गुलामामधून जातं. म्हणून पाच पानी इस्पिक दाखवायला १ बदाम बोलावं, अशी ट्रान्सफर (तो रंग उघडणाऱ्याला बोलायला लावणारी) उत्तरं घ्यावीत असं काही जोड्यांचं म्हणणं आहे. बाकीच्यांना भीती ही, की विरोधक मध्ये बोलले की ट्रान्सफर बंद, न बोलले की चालू, असे दोन तक्ते डोक्यात ठेवावे लागतील. पावसाळ्यानंतर नव्या जोड्यांना शिकवायला सुरुवात करणार आहोत, तेव्हा त्याआधी तुमचं मत कळवावं. तोवर तुमचा जुनाच तक्ता चालू ठेवतो.

काकूंना नमस्कार सांगावा.

आपले कृतज्ञ,
सांगली-मिरजेच्या टेबलांवरचे तुमचे विद्यार्थी