ग्विन्यादला ‘पांढरा मासा’ म्हणू नका

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत वेल्समधल्या दुर्मीळ माशावरचं टिपण वाचलं. विषय घेतलात याचा फार आनंद झाला. पण अख्ख्या टिपणात त्या माशाचं नाव एकदाही आलं नाही, ‘एक पांढरा मासा’ एवढ्यावरच भागवलं आहे. त्याचं नाव ग्विन्याद. वेल्श भाषेत ‘ग्विन’ म्हणजे पांढरा, त्यावरून ग्विन्याद. म्हणजे अर्थ छापला, नाव राहून गेलं. दावणीच्या ढवळ्याला आपण ‘पांढरा बैल’ म्हणून हाक मारतो का?

माझी मुलगी लिव्हरपूलला असते. तिच्यासोबत मी बाला गावी गेले होते. गावाला लागूनच ल्लिन तेगिद हे वेल्समधलं सगळ्यात मोठं नैसर्गिक तळं आहे, साधारण सहा किलोमीटर लांब. ‘ल्लिन’ म्हणजे तळं. तो ‘ल्ल’ म्हणताना जीभ ‘ल’च्या जागी टेकवायची आणि आवाज न काढता दोन्ही कडांनी नुसता वारा सोडायचा. तिथल्या दुकानातल्या बाईंनी माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. मग मी त्यांना आपला शब्द सांगितला, ‘तळं’. त्यांना ‘ळ’ काही जमेना. दोघी खूप हसलो. त्यांनीच मला ग्विन्याद हा शब्द एका कागदावर लिहून दिला. तो कागद मी अजून जपून ठेवला आहे.

हा मासा सामनच्या कुळातला, चंदेरी, खोल थंड पाण्यात राहणारा. हिमयुग सरलं तेव्हा तो या तळ्यात अडकला आणि तिथलाच झाला. डी नदी याच तळ्यातून वाहते, पण ग्विन्याद तिच्याबरोबर खाली जात नाही. मूळचं घर हे एकच. शेतातली खतं आणि सांडपाणी तळ्यात उतरलं, शेवाळ माजलं, तळाच्या पाण्यातला प्राणवायू घटला. त्यात १९८०च्या दशकात बाहेरून आणलेला रफ नावाचा मासा तळ्यात शिरला आणि ग्विन्यादची अंडी खाऊ लागला. उजनी धरणात बाहेरून आलेली चिलापी कशी माजली हे ज्यांनी पाहिलंय, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. शेवटी २००३ ते २००७ या काळात ग्विन्यादची अंडी जवळच्या ल्लिन अरेनिग वाउर या तळ्यात नेऊन सोडली, एक घर बुडालं तर दुसरं असावं म्हणून.

त्याच्या लॅटिन नावात ‘पेनान्ती’ आहे, थॉमस पेनंट या अठराव्या शतकातल्या वेल्श निसर्गअभ्यासकावरून आलेलं. शास्त्राने माणसाचं नाव ठेवलं, तरी तळ्याकाठच्या लोकांच्या तोंडी ग्विन्यादच राहिला. आपल्याकडे उलट झालं. १८३९मध्ये कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या माशांची वर्णनं केली, तेव्हा त्याने इथल्या लोकांनी सांगितलेली अनेक नावं तशीच लॅटिनमध्ये घेतली. पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेल्या माशाचं नाव आजही जगभर ‘टॉर खुद्री’ आहे, म्हणजे आपली खडशी. ‘कोलस’ आणि ‘मुल्या’ हीसुद्धा त्याच्याच यादीतली. मुल्या म्हणजे आपला मळ्या. आणि खडशीला आपण मराठी बातमीत काय लिहितो? महसीर. खडशी हा शब्द मी मराठी वर्तमानपत्रात शेवटचा कधी वाचला, ते आठवत नाही. मुळा-मुठेचं पाणी तर आज बघवत नाही.

म्हणून दोन विनंत्या. ग्विन्यादचं नाव पुढच्या रविवारी दुरुस्ती म्हणून छापा, छोटंसं चौकटीत असलं तरी चालेल. आणि नदीवरची बातमी येईल तेव्हा बातमीदाराने काठावरच्या भोयांना, कोळ्यांना माशाचं नाव विचारावं आणि तेच लिहावं. महसीर वाटल्यास कंसात द्या, आधी खडशी लिहा.

आमच्या वाईत कृष्णेवर जाळं टाकणाऱ्या एका आजोबांना परवा मी विचारलं. त्यांनी बोटं मोजत सांगितलेली नावं इथे देते: मळ्या, मुऱ्या, वांब, मरळ, शिवडा, खडशी. खडशी म्हणताना त्यांनी हात कोपरापर्यंत दाखवला, एवढी मोठी मिळायची म्हणाले. बाकीच्या नद्यांवरची नावं आपले वाचक कळवतील, त्यांना विचारून तर पाहा.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षिका, वाई